‘यावाग?’ : ट्रक अधूनमधून बंद पडत असेल तर वायरिंगचा फॉल्ट कसा पकडायचा

निपाणीहून तवंदी घाट चढताना माझी भरलेली गाडी दोन महिन्यांत पाचदा बंद पडली. पाचही वेळा तोच प्रकार. दुसऱ्या गिअरला चढ काढत असताना कुणी चावी फिरवावी तसं इंजिन गप्प. मग हँडब्रेक, चाकामागं दगड, मागच्या गाड्यांचे हॉर्न आणि शिव्या. थोड्या वेळानं सेल्फ मारला की लागायची, जणू काही झालंच नाही. गॅरेजला नेली की दिवसभर सुतासारखी चालायची. या दोन महिन्यांत डिझेल फिल्टर बदलला, फीड पंप बदलला, क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगानं फिरतंय ते सांगणारा) दोनदा बदलला. शेवटी फॉल्ट निघाला एका वायरीत, आणि ती जोडायला अर्धा तास लागला.

नवीन गाडी घेतलेल्या, स्वतःच चालवणाऱ्या मालकांसाठी आणि वायरिंगच्या कामात नुकत्याच पडलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. मी काही शिकलेला इलेक्ट्रिशियन नाही. खरं अधूनमधून येणारा फॉल्ट घरच्या मीटरवर आणि एका वहीवर पकडता येतो, एवढं मला पटलंय. मी जे लिहितोय ते 24 व्होल्टच्या, कॉमन रेल इंजिनाच्या गाडीचं आहे, म्हणजे जिथं रेल नावाच्या एकाच नळीतून सगळ्या सिलिंडरच्या नोझलना जास्त दाबाचं डिझेल मिळतं. 2017 पासूनच्या बहुतेक बीएस-4 आणि 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्या यात येतात (बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा सरकारी नियम). जुन्या पंपाच्या गाड्यांचं वेगळं आहे, ते मधे येईल.

आधी हे जवळ ठेवा

- डिजिटल मल्टिमीटर. त्यात सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त आकडा धरून ठेवायची सोय असेल तर फार बरं.
- 24 व्होल्ट, 21 वॉटचा बल्ब, होल्डर आणि दोन लांब वायरी. हा साधारण 0.9 अँपिअर करंट ओढतो. एलईडी टेस्टर याला पर्याय नाही. का, ते पुढं.
- बारीक टाचण्या, कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाच्या) मागच्या बाजूनं पिनेपर्यंत पोचायला.
- स्कॅनर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले फॉल्टचे कोड वाचणारं यंत्र, स्वतःचं किंवा ओळखीतल्या गॅरेजचं.
- पाण्याची फवारणीची बाटली आणि केस वाळवायचा ड्रायर. घरात विचारून घ्या.
- तुमच्या गाडीचाच वायरिंग डायग्राम. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये बीएस-4 आणि बीएस-6 चं वायरिंग वेगळं असतं, म्हणून आरसीवरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर सांगूनच मागा.
- आधी झालेल्या कामाची बिलं, आणि बदललेले जुने पार्ट.
- एक वही.

जुने पार्ट गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. माझा पहिला क्रँक सेन्सर चांगला होता हे मला नंतर कळलं, आणि तोवर तो भंगारात गेला होता.

1. हात लावण्याआधी: जीव सांभाळा

जुन्या गाड्यांत मिसिंग कुठल्या सिलिंडरचं आहे ते बघायला मिस्त्री नोझलच्या पाईपचा नट चालू इंजिनावर सैल करायचे. कॉमन रेलमध्ये हे चुकूनही करायचं नाही. रेलमध्ये हजार बारच्या वर दाब चढतो. त्या दाबाची डिझेलची सुईसारखी धार कातडीतून आत जाते. बाहेरून फक्त बारीक ठिपका दिसतो, दुखतही नाही फार. तसं झालं तर हळद लावून बसायचं नाही, ताबडतोब दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना ‘दाबाचं डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

नोझलच्या वायरींना चालू इंजिनावर हात नको. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) तिथं बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज सोडतो.

केबिन उचलली की लॉक पडलाय का ते स्वतः बघा, ‘पडलाय’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. बॅटरी काढायची असेल तर चावी बंद करून निदान दोन मिनिटं थांबा. बीएस-6 गाडीत चावी बंद झाल्यावरही धूर साफ करणाऱ्या युरियाची लाईन मागं ओढून घ्यायचं काम चालू असतं.

हायवेवर बंद पडली तर तिथंच बोनट-केबिन उघडून शास्त्र वाचत बसू नका. त्रिकोण मागं लांब ठेवा, क्लीनर पोराला रस्त्यावर नव्हे तर कठड्याच्या बाहेर उभं करा, 1033 ला फोन लावा.

2. वायरिंग की डिझेल, ते आधी ठरवा

इथं चूक झाली की पुढचं सगळं वाया जातं. माझं तसंच झालं. ‘चढाला बंद पडते म्हणजे डिझेल पोचत नाही’ असं पहिल्या गॅरेजनं ठरवलं आणि मीही मान डोलावली.

गाडी *कशी* मरते ते बघा.

डिझेल कमी पडत असेल, फिल्टर चोंदला असेल किंवा लाईन एअर घेत असेल, तर गाडी सहसा दम तोडत मरते. पिकप जातो, आचके देते, ॲक्सिलरेटर दाबला तरी आरपीएम खाली येत जातात. परत लागायला हातपंप मारावा लागतो किंवा बराच वेळ सेल्फ ओढावा लागतो. खात्री करायची तर टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या ओढणाऱ्या लाईनीत तात्पुरता पारदर्शक पाईपचा तुकडा घाला. बुडबुडे दिसले की झालं, वायरिंगच्या मागं लागू नका. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर आपण डिझेल जिकडं स्वस्त तिकडं भरतो, प्रसंगी कॅनमधूनही ओततो, तेव्हा टाकीतल्या गाळाचा आणि पाण्याचा विचार आधी करा.

वायरिंगचा फॉल्ट असेल तर गाडी झटक्यात मरते. आचका नाही, धाप नाही. आणि परत लागते तीही झटक्यात.

दोन्हीच्या मधे एक प्रकार आहे: गाडी बंद पडत नाही, फक्त ताकद जाते आणि चेक लाईट लागते. याला लिंप मोड म्हणतात. सेन्सरचा आकडा पटेनासा झाला की ईसीयू गाडीला हळू चालायला लावतो. चावी बंद-चालू केल्यावर ताकद परत आली तर वायरिंगचा संशय वाढतो. पण नक्की नाही, दाब खरोखरच कमी पडत असेल तरी असंच होतं.

मरतानाच्या त्या दोन सेकंदांत डोळे डॅशबोर्डवर ठेवा:

- सगळे दिवे, मीटर एकदम गेले: मुख्य सप्लाय, अर्थ (बॅटरीच्या मायनसकडं परत जायची वाट), इग्निशन स्विच किंवा बॅटरीचा आयसोलेटर (मेन स्विच).
- दिवे आहेत, गाडी गिअरमध्ये असल्यानं इंजिन अजून फिरतंय, आणि आरपीएमचा काटा मात्र थेट शून्यावर पडला: क्रँक सेन्सरचा सिग्नल किंवा ईसीयूचा सप्लाय.
- काटा इंजिनाबरोबर हळूहळू खाली आला: सिग्नल शाबूत आहे, डिझेलकडं किंवा रेलच्या दाबाकडं बघा.

सेल्फ मारताना काटा जागचा हलतोय का हेही बघायचं. इंजिन फिरतंय आणि काटा मेलेला, तर सिग्नल पोचत नाही. सगळ्याच मॉडेलला हे लागू पडेल असं नाही. काही गाड्या क्रँकचा सिग्नल गेला तरी कॅमच्या सेन्सरवर कशाबशा चालतात. आपल्या गाडीचा काटा चांगल्या दिवशी कसा वागतो ते आधी बघून ठेवा.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत एवढं काही नसतं. करंट आहे तोवर उघडा राहणारा स्टॉप सोलेनॉइड (करंट गेला की डिझेल तोडणारा) ज्या पंपावर आहे, तिथं त्याची एक वायर ढिली झाली तरी गाडी अशीच झटक्यात मरते. सोलेनॉइडचा लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं), त्याचा फ्यूज, चावीपासून येणारी वायर एवढंच तपासा. दहातल्या बऱ्याच गाड्या तिथंच सुटतात.

3. वही घाला

दोन गॅरेज झाल्यावर मी गाडी बेळगावात एका वयस्कर कानडी मिस्त्रीकडं नेली. मी सांगायला सुरुवात केली की पंप बदलला, सेन्सर बदलला. त्यांनी हात वर केला आणि एकच विचारलं, ‘‘यावाग बंद आगतैती?’’ कधी बंद पडते? मी म्हटलं, कधीपण. ते म्हणाले, ‘कधीपण’ असं काही नसतं, वहीत लिहून आण, मग बोलू. आणि खरंच गाडीला हात न लावता त्यांनी मला परत पाठवलं. त्या दिवशी राग आला होता.

वहीत दरवेळी एवढं लिहा: तारीख-वेळ, जागा, चढ की उतार की सपाट, गाडी भरलेली की रिकामी, गिअर, आरपीएम, इंजिनाचं तापमान, पाऊस किंवा गाडी धुतली होती का, त्या क्षणी काय चालू केलं (लाईट, वायपर, हॉर्न, ब्रेक), डॅशवर काय दिसलं, आणि *किती वेळानं परत लागली*.

शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि मी तिथंच फसलो होतो. सगळ्यांना मी सांगत होतो, ‘दहा मिनिटांनी लागते’. ते ऐकून प्रत्येकजण म्हणायचा, म्हणजे गरम झाल्यावर सेन्सर मरतो, थंड झाला की उठतो. म्हणून सेन्सर दोनदा बदलला गेला. वही घातल्यावर लक्षात आलं की दहा मिनिटं मीच थांबत होतो. दगड लावायचा, खाली उतरायचं, चक्कर मारून बघायचं, घरी फोन करायचा, मग सेल्फ. पाचव्या वेळी मुद्दाम लगेच सेल्फ मारला. पहिल्या फेऱ्यात लागली. गरम-थंडचा सगळा हिशेब तिथंच कोलमडला.

पाचही वेळांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसलं: रिकामी गाडी एकदाही बंद पडली नव्हती. उतारावर एकदाही नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून कास्टिंग भरून बेळगावच्या उद्यमबागेत येताना, चढ, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. वही बघून मिस्त्री म्हणाले, पूर्ण ताकद लावताना इंजिन आपल्या माउंटिंगवर एका बाजूला कलतं, आणि त्याच्याबरोबर वायरिंगला ओढ बसते. ताकद सुटली की इंजिन जागेवर आणि वायरही जागेवर.

तुमची वही काय सांगते त्याचा अंदाज असा लावा. खड्ड्यात किंवा उसाच्या फडातल्या गाडीवाटेवर होत असेल तर ढिला लग, कपलर, रिले. पावसात किंवा धुतल्यावर होत असेल तर कपलरमध्ये पाणी. खंडेनवमीला प्रेशरनं धुऊन पूजा केलेल्या किती गाड्या दसऱ्यानंतर चेक लाईट घेऊन गॅरेजला येतात ते कुठल्याही वायरिंगवाल्याला विचारा. खानापूर-कणकुंबी भागात पावसाळाभर फिरणाऱ्या गाडीला तर कपलरचं पाणी हा कायमचाच पाहुणा. हॉर्न, ब्रेक किंवा लाईट लावल्यावर होत असेल तर अर्थ. हंगाम संपल्यावर उभी ठेवलेली गाडी काढल्यावर सुरू झालं असेल तर उंदीर, उसाच्या पाचटात त्यांचा संसार असतो. आणि लिहिताना लाज वाटू देऊ नका: ‘कालच स्टिरिओ बसवला’ हेही लिहा.

4. बॅटरी, चार्जिंग आणि अर्थ

वही भरत असताना हे करून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण कुठल्याही सेन्सरच्या आधी हेच.

रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या मिळून 25 ते 25.5 व्होल्टच्या आसपास पाहिजेत. मग प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. दोघींत फरक जास्त दिसला तर बघा, कुणी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढून टेप, पंखा, चार्जर जोडलाय का. आपल्याकडं हे सर्रास होतं आणि एक बॅटरी कायम उपाशी राहते. 12 व्होल्ट पाहिजे तर कन्व्हर्टर बसवा. चालू इंजिनावर चार्जिंग 27.5 ते 28.5. सेल्फ मारताना 19 व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरी, केबल किंवा सेल्फ. इतक्या खाली ईसीयू गोंधळतो आणि नको ते कोड टाकतो.

आता अर्थ. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या मायनस खांबावर (लगवर नव्हे, खांबावर), दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी खराब. मग तसंच बॅटरीच्या मायनसपासून ईसीयूच्या अर्थ पिनेपर्यंत, इंजिन चालू ठेवून, लाईट-वायपर लावून मोजा. 0.1 ते 0.2 व्होल्टच्या वर जाता कामा नये. लग खोलून बघा: खाली रंग असेल, गंज असेल, तर घासून चकचकीत करा, आवळा, वरून व्हॅसलीन लावा. चेसीला नव्यानं रंग मारल्यावर अर्थचे नट रंगावरच आवळलेले मी स्वतः बघितलेत.

इथं मीटरचा ‘बीप’ तुम्हाला फसवतो. तारेच्या वीस तंतूंपैकी एक शिल्लक असला तरी मीटर बीप करतो, कारण तो नावापुरताच करंट सोडतो. एलईडी टेस्टरचंही तेच. म्हणून आपला 21 वॉटचा बल्ब. ईसीयूचा कपलर काढून, सप्लायची पिन आणि अर्थची पिन यांच्यामधे बल्ब लावा. लख्ख पेटला तर वाट मजबूत. पिवळट पेटला तर अर्थकडचं टोक बॅटरीच्या चांगल्या मायनसला लावून बघा. आता लख्ख झाला तर अर्थ खराब, तसाच राहिला तर सप्लाय खराब. बल्ब लावलेला असतानाच वायरिंग हलवा. लुकलुकला की जागा सापडली.

हा बल्ब फक्त सप्लाय आणि अर्थच्या जाड वायरींवर लावायचा. सेन्सरच्या किंवा सिग्नलच्या वायरीवर लावला तर ईसीयू जाईल, आणि मग मला शिव्या घालाल.

फ्यूज काढून बघताना फ्यूजची तार शाबूत आहे यावर थांबू नका. होल्डरच्या पाती सैल झाल्यात का, प्लास्टिक तपकिरी झालंय का बघा. फ्यूज चांगला आणि पकड ढिली, हा अधूनमधून येणाऱ्या फॉल्टचा आवडता अड्डा. मेन रिले (ईसीयूला सप्लाय देणारा) शेजारच्या त्याच नंबरच्या रिलेशी अदलाबदल करा आणि वहीत तारीख टाका.

5. कोड वाचा, लिहा, मगच पुसा

स्कॅनर लावला की बहुतेकांचं पहिलं बोट ‘क्लिअर’वर जातं. थांबा. आधी फोटो काढा. चालू कोड कुठले, जुने कुठले, किती वेळा आलेत, आणि कोड पडला तेव्हाचा फ्रेम म्हणजे आरपीएम, दाब, व्होल्टेज, सगळं. तोच तुमचा साक्षीदार आहे, आणि पुसला की गेला.

ट्रकमध्ये कोड बऱ्याचदा दोन आकड्यांत येतो. पहिला एसपीएन, म्हणजे कुठला भाग. दुसरा एफएमआय, म्हणजे काय झालं. फ्युएल सिस्टिममध्ये नेहमी दिसणारे: एसपीएन 157 रेलचा दाब, 94 फीडचा दाब, 97 डिझेलमधलं पाणी, 651 ते 656 पहिल्या ते सहाव्या सिलिंडरचे नोझल, 190 इंजिनाचा वेग, 168 बॅटरी. काही गाड्यांत कारसारखे ‘पी’चे कोड येतात: पी0087 रेलचा दाब कमी, पी0192 आणि पी0193 रेल सेन्सरचं व्होल्टेज खाली किंवा वर, पी0335 क्रँक सेन्सर.

नवखा माणूस एसपीएन वाचतो आणि तो पार्ट विकत आणतो. वाचायचा असतो एफएमआय. 3 म्हणजे व्होल्टेज नको इतकं वर. 4 म्हणजे नको इतकं खाली. 5 म्हणजे करंट कमी, वायर तुटलेली. 6 म्हणजे करंट जास्त, कुठंतरी अर्थला लागतेय. 2 म्हणजे सिग्नल तुटक, मधेच येतो मधेच जातो. या पाचांपैकी काही असेल तर आधी वायर आणि कपलर, पार्ट सगळ्यात शेवटी. एफएमआय 1 किंवा 18 सारखा ‘दाब प्रत्यक्ष कमी’ सांगणारा कोड असेल तर मात्र डिझेलच्या बाजूला जा.

एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा सेन्सरचे कोड एकाच वेळी पडले असतील तर पाच-सहा सेन्सर एकदम मेलेले नसतात. त्या सगळ्यांना मिळून जी 5 व्होल्टची वायर किंवा जो अर्थ आहे, तो बघा. एक खराब सेन्सर आतून शॉर्ट होऊन सगळ्यांचे 5 व्होल्ट खाली ओढतो असंही होतं. एकेक कपलर काढत जा. ज्याचा काढल्यावर 5 व्होल्ट परत आले, तो चोर.

6. संशयित सर्किट मोजा

रेल प्रेशर सेन्सरचं उदाहरण घेऊ. तीन वायरी: 5 व्होल्ट, अर्थ, सिग्नल. कपलर जोडलेला ठेवून मागच्या बाजूनं टाचणी घाला. चावी चालू, इंजिन बंद, दाब उतरलेला: बहुतेक सेन्सरमध्ये सिग्नल 0.5 व्होल्टच्या आसपास. इंजिन लावलं की वर चढतो, ॲक्सिलरेटर दिला की आणखी चढतो, आणि 4.5 च्या पुढं जात नाही. आकडा कितीपर्यंत गेला यापेक्षा तो एकसारखा चढतो की उड्या मारतो ते महत्त्वाचं. चालू इंजिनावर आकडा क्षणभर शून्याला किंवा 5 ला टेकला, तर दाब तेवढ्यात तसा बदलू शकत नाही, वायर बोलतेय.

क्रँक सेन्सर दोन वायरीचा, चुंबकाचा असेल तर कपलर काढून त्याचा रोध मोजता येतो. साधारण 800 ते 1000 ओहमच्या घरात येतो, पण तुमच्या मॉडेलचा आकडा बघूनच ठरवा. तीन वायरीचा हॉल सेन्सर असेल तर ओहममध्ये मोजू नका, त्यातून काही कळत नाही. नोझलच्या कॉइलचा रोध इतका कमी असतो की मीटरच्या वायरींचाच रोध त्यात मिसळतो. तिथं आकड्याच्या मागं न लागता सहाही नोझल मोजा आणि वेगळा कोण ते बघा.

कॅन लाईनचा (ईसीयू आणि गाडीतले बाकीचे कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात तिचा) संशय असेल तर बॅटरी काढून दोन्ही वायरींमधला रोध मोजा. 60 ओहम आले तर ठीक. 120 आले तर एका टोकाचा संबंध तुटलाय.

वायरीचं रबर टोचून मोजू नका. कोरड्या अथणीत वर्षभर चालेल कदाचित. खानापूरच्या पावसात त्या भोकातून पाणी शिरतं, सहा महिन्यांत तांबं हिरवं होतं आणि आणखी एक फॉल्ट तयार.

7. फॉल्टला बाहेर काढा

गाडी उभी आहे, सगळं ठीक आहे, कोड नाही. आता वही उघडा आणि रस्त्यावरची परिस्थिती इथंच तयार करा.

*हलवून.* इंजिन चालू, स्कॅनरवर किंवा मीटरवर संशयित सिग्नल समोर. दुसरा माणूस वायरिंग वीतभर-वीतभर सरकत हलवेल. जोरात झटके नकोत. गाडी जेवढी हलवते तेवढंच. वायरिंग क्लिपमध्ये आवळलेलं असतं तिथं, इंजिनावरून चेसीवर उडी मारतं तिथं, फ्लायव्हील हाउसिंगजवळ, केबिन उचलताना वाकतं तिथं जास्त वेळ द्या.

*तापवून.* ड्रायरनं सेन्सर आणि कपलर तापवा, वितळवू नका.

*भिजवून.* फवारणीच्या बाटलीनं एकेक कपलर. प्रेशर वॉशर नको.

*कलवून.* हे आमच्या मिस्त्रींनी केलं. चाकांना उटी (अडकण), ब्रेक पूर्ण दाबून, अनुभवी ड्रायव्हर सीटवर, गाडीच्या पुढं-मागं कुणी नाही. गिअरमध्ये टाकून क्लच किंचित सोडून इंजिनावर जोर आणला. इंजिन कललं, आणि ज्या वायरिंगकडं आम्ही बघत होतो ते क्लिपजवळ तारेसारखं ताठ झालं. आरपीएमचा काटा पडला. नवख्यांनी हे एकट्यानं करू नये, आणि क्लच जळेपर्यंत तर नकोच.

आमची क्लिप मूळ जागेची नव्हतीच. आधी कधीतरी क्लचचं काम झालं तेव्हा वायरिंग परत बांधताना ते दोन इंच मागं, कुठल्याशा बोल्टला बांधलं होतं. ढील संपली होती. बाहेरून रबर शाबूत, आतून क्रँक सेन्सरची एक तार तुटलेली, दोन्ही टोकं एकमेकांना नुसती टेकलेली. वायर हातात धरून हळूच ताणली की तेवढ्या जागी ती लवचिक रबरासारखी लांबते. तुटलेल्या तारेची हीच खूण.

उभ्या गाडीत काहीच सापडलं नाही तर चालत्या गाडीत पकडा. मेन रिलेनंतरच्या सप्लायवर फ्यूज लावून एक वायर घ्या, दुसरी अर्थला, बल्ब केबिनमध्ये क्लीनरच्या समोर. गाडी मेली तेव्हा बल्ब गेला का, एवढंच त्यानं सांगायचं. गेला तर सप्लाय. पेटता राहिला तर सप्लाय निर्दोष, पुढं सरका. ड्रायव्हरनं बल्बकडं किंवा मीटरकडं बघायचं नाही, रस्त्याकडं बघायचं.

कपलरच्या पिना विसरू नका. मादी पिन सैल झाली की सगळं वरून ठीक दिसतं. त्याच मापाची एक सुटी नर पिन घेऊन एकेकीत घालून बघा. जिथं पकड लागत नाही ती पिन बदला, पक्कडीनं चेपून वेळ मारून नेऊ नका.

8. जोडताना

पीळ मारून काळी टेप, ही जोड नव्हे. मापाची क्रिंप स्लीव्ह, योग्य पक्कड, वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. डाग (सोल्डर) मारायचा मोह होतो. पण हादरणाऱ्या जागी डागाच्या कडेला तार ताठ होते आणि तिथंच परत तुटते. क्रँक सेन्सरच्या आणि कॅनच्या वायरी एकमेकींत पिळलेल्या असतात, तो पीळ जोडीनंतरही तसाच ठेवा. वायरीवर धातूची जाळी असेल तर ती जशी होती तशीच जोडा, नवीन ठिकाणी अर्थ करू नका. शेवटी वायरिंग मूळ क्लिपमध्ये, इंजिन कललं तरी ताण येणार नाही एवढी ढील ठेवून.

आणि वेल्डिंग. हौद्याचं, फळीचं, जाळीचं वेल्डिंग आपल्याकडं फाटकाबाहेर गाडी उभी करून होतं. त्याआधी बॅटरीच्या दोन्ही केबल काढा, ईसीयूचे कपलर काढा, आणि वेल्डिंगची अर्थ जिथं जोडताय तिथंच जवळ लावा. वेल्डर म्हणेल काही होत नाही. त्याच्या मशीनला काही होत नाही, हे खरं.

9. गॅरेजला देताना

सगळं स्वतः करायलाच पाहिजे असं नाही. खरं गाडी देताना ‘बघा जरा’ म्हणून चावी टाकून येऊ नका. वहीचं पान द्या, कोडचे फोटो द्या, आधी काय बदललं ते सांगा. पार्ट बदलायचा म्हणाले तर विचारा: कुठला आकडा मोजून ठरवलं? उत्तर ‘बहुतेक हाच असतो’ असं आलं तर एक दिवस थांबा. वॉरंटीतल्या गाडीचं वायरिंग मात्र स्वतः कापू नका, क्लेम अडकतो. तिथं वही आणि फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरलाच जा आणि जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत तक्रार लिहून घ्या. ‘गाडी बंद पडते’ एवढं पुरत नाही. ‘भरलेली, चढाला, दुसऱ्या गिअरला, झटक्यात बंद, लगेच लागते’ असं लिहायला लावा.

काम झाल्यावर गावातून एक चक्कर मारून बिल देऊ नका. फॉल्ट ज्या परिस्थितीत यायचा तीच परत द्यायची. मी तेवढंच वजन भरून, तोच घाट, तोच गिअर, तीन फेऱ्या केल्या. चौथ्या फेरीला मिस्त्रींना फोन केला, की गाडी बंद पडायची राहिली. त्यांनी विचारलं, ‘‘वही चालू आहे न्हवं?’’ चालू होती. पुढचा महिनाभर दर फेरीला एक ओळ लिहिली, ‘बंद नाही’. मग क्लीनरनं त्याच वहीत डिझेलचा हिशेब लिहायला घेतला.